जिभेखालचा दाणा

आमच्या धंद्याला गलाई म्हणतात. सोनारांकडचं जुनं, तुटकं, मळकं सोनं आमच्याकडे येतं. आम्ही ते मुशीत घालून वितळवतो, त्यातला मळ काढतो आणि लगड करून परत देतो. मूस म्हणजे सोनं वितळवायचं जाड भांडं. आमच्या तालुक्यातली माणसं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. मी आठवीतून शाळा सोडली आणि त्यांच्यातलाच एक झालो. आधी दोन गावं झाली, मग हैदराबाद. बेगम बाजाराच्या पलीकडच्या एका बोळात आमचं दुकान आहे. शेठ आमच्याच गावाकडचे, त्यांची बायको गावीच असते. दुकानात आम्ही तिघं कामाला, आणि राहायला वरच्याच माळ्यावर.

या कामात थांबणं फार. मूस लाल व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात दुसरं काम हाती घेता येत नाही आणि भट्टीपासून हलताही येत नाही. समोरच्या बाकावर सोन्याचा मालक बसलेला असतो, त्याची नजर मुशीवर. माझ्या आधीची माणसं या वेळात तंबाखू मळायची. मी फोन बघायला लागलो.

खेळ दिसायला अगदी साधा होता. एका ओळखीच्यानं लिंक पाठवली होती. लाल की हिरवा, एवढंच सांगायचं, मिनिटभरात निकाल. एक मूस तापेपर्यंत सात-आठ डाव व्हायचे. पहिल्या आठवड्यात मी जिंकलो आणि तिथंच फसलो. पुढं किती गेले त्याचे आकडे मी इथं लिहीत नाही. आकडे लिहायला बसलो की परत भरून काढायचा हिशेब डोक्यात सुरू होतो, म्हणून मी ते कुठंच लिहीत नाही. एवढं सांगतो की चार महिने घरी पूर्ण पगार गेला नाही. बायको गावाकडं, माझ्या आईबरोबर. तिला मी सांगितलं, शेठनी पगार थकवलाय, मंदी आहे.

त्या माणसाच्या नावावर मी हे खपवलं, ज्यानं मला पहिल्या दिवशी स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं होतं.

भीती मला तेव्हापासून. झोपेतून उठलो की पहिला श्वास घ्यायच्या आधी भीती हजर. सोनं ओततानाही हात थरथरायचा. एकदा साच्याच्या कडेवर थेंब सांडला. थेंब उचलून परत मुशीत टाकता येतो, त्यानं काही बिघडत नाही, पण बाकावरचा सोनार उठून उभा राहिला आणि थेंब परत मुशीत पडेपर्यंत बसला नाही. आमच्या धंद्यात लिखापढी कमी आणि नाव जास्त. एखाद्याचा हात वाईट आहे असं एकदा झालं की ती बातमी गावाकडून पुन्हा देशभरच्या भट्ट्यांवर जाते. मग त्याला कुणी उभं करत नाही. मला तर दुसरं काहीच येत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. संध्याकाळी दुकान सोडताना प्रत्येकानं खिसे उलटे करून दाखवायचे, पॅंटचे पाय दुमडले असतील तर सोडून झटकायचे. हात धुवायचे ते दुकानातल्याच नळावर, कारण ते पाणी गटारात जात नाही, खालच्या पिंपात साठतं. त्या पिंपाच्या तळाच्या गाळातून काही महिन्यांनी सोनं निघतं. झाडलेली धूळसुद्धा आम्ही राखून ठेवतो. खिसे उलटे करायला कुणाला अपमान वाटत नाही, कारण पहिले खिसे शेठ स्वतःचे उलटे करतात.

त्या दिवशी दुपारी शेठ वर जेवायला गेले होते. बाकीचे दोघं बाहेर. एक जुनी मूस फुटायला आली होती, ती पोत्यात टाकायचं काम माझ्याकडं होतं. जुन्या मुशीच्या आतल्या अंगाला बारीक सोनं चिकटून राहतं, म्हणून त्या टाकून देत नाहीत, कुटून घेतात. मी मूस उचलली आणि कडेला ज्वारीएवढा एक दाणा चमकला. चिमट्याचं टोक लावलं तर सुटला. खिसे तर संध्याकाळी उलटे होणार होते. मी तो दाणा तोंडात टाकला आणि जिभेखाली धरला.

ठरवून केलं नाही. पण माझ्याच हातानं केलं.

तेवढ्यात शेठ जिन्यावरून खाली आले. हातात चहाचे दोन ग्लास. एक माझ्यासमोर ठेवला आणि बाकावर बसून बोलायला लागले. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे, गावाला आठ दिवस जावं लागेल, तिजोरीची किल्ली कुणाकडं तरी ठेवावी लागेल. मी नुसता मान हलवत होतो. चहा प्यावा तर दाणा चहाबरोबर पोटात जायचा. बोलावं तर जीभ उचलावी लागणार.

"का रं, घुम्यागत बसलायस? दात दुखतोय व्हय?"

मी होय म्हणून मान हलवली. शेठ लगेच उठले. त्यांच्या खणात बेगम बाजारातून आणलेल्या लवंगांची पुडी असते, त्यातल्या दोन काढून दिल्या. म्हणाले, आधी गुळणी कर, मग दाढंखाली धर. मी नळावर गेलो. तोंडात पाणी घेतलं, गुळणी टाकली. दाणा पाण्याबरोबर खाली पिंपात गेला. टुक असा बारीक आवाज झाला, तो मला एकट्याला ऐकू आला असणार.

सोनं शेठच्याच पिंपात गेलं होतं. कुणाचं नुकसान झालं नव्हतं, कुणाला कधी कळणारही नव्हतं. लवंग दाढेखाली धरून मी बाकावर बसलो आणि चहा तसाच निवू दिला. शेठ म्हणाले, "लईच दुखतोय की तुला. उद्या सरकारी दवाखान्यात जा. सुट्टी घे सकाळची."

अशी मला खोट्या दातासाठी सुट्टी मिळाली.

दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीवर मोठी रांग होती. माझा नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, क्या तकलीफ है. दात म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, नींद नहीं आती, हाथ कांपते. त्यानं चिठ्ठीवर वेगळाच खोली नंबर टाकला. त्या खोलीच्या दारावर तेलुगूत काय लिहिलंय ते बाजूच्या म्हाताऱ्यानं मला वाचून सांगितलं, मनाच्या आजारांची ओपीडी. मी परत फिरणार होतो. पण परत जाऊन शेठना काय सांगायचं, या भीतीनं बसून राहिलो.

आतली डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. घरी तेलुगू बोलणारी असावी, माझ्याशी हिंदीत बोलली. तिनं पहिल्यांदा झोपेचं विचारलं, मग एकदम विचारलं, फोनवर पैसे लावता का. मला वाटलं कपाळावर लिहिलंय. ती म्हणाली, या बाकावर आठवड्याला कितीतरी जण याच कारणानं बसतात, सगळे आधी झोपेचंच सांगतात. मग तिनं सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का. आलं होतं. गच्चीच्या कठड्याशी दोनदा आलं होतं. मी सांगितलं. ती दचकली नाही की रागावलीही नाही. तिनं चिठ्ठीवर एक फोन नंबर लिहिला, आणि तसं पुन्हा मनात आलं तर दिवस असो की रात्र, फोन करायचा किंवा सरळ इथं यायचं, एकटं राहायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. दर आठवड्याला यायला सांगितलं. शेवटी विचारलं, हे अजून कुणाला माहीत आहे. कुणालाच नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग औषधाच्या आधी तेच करावं लागेल. एक माणूस निवडा.

चिठ्ठीच्या मागं तिनं विद्यानगरमधला एक पत्ता लिहिला. तिथं दर रविवारी सकाळी जुगार सोडणारी माणसं एकत्र बसतात, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही.

दुकानात आलो तर शेठनी विचारलं, काढला का दात. म्हटलं, नाही, औषध दिलंय, दर आठवड्याला बोलावलंय.

विद्यानगरची ती खोली म्हणजे एका वाचनालयाचा वरचा मजला. मी दोनदा दारापर्यंत जाऊन बसस्टॉपवर परत आलो. तिसऱ्यांदा एक जाडजूड माणूस जिन्यात भेटला. बसचा रिटायर झालेला ड्रायव्हर. पुढं सगळे त्याला ड्रायव्हरसाब म्हणतात हे कळलं. तो म्हणाला, "आओ मियाँ, ऊपर चाय है. नीचे खड़े रहे तो धूल खाते."

आत दहा-बारा माणसं होती, त्यात दोन बायका. कुणी दक्खनीत बोलायचं, कुणी तेलुगूत, आणि बाजूचा समजून सांगायचा. माझी पाळी आली तेव्हा मी हिंदीत सुरुवात केली. थोड्या वेळानं लक्षात आलं की मी मराठीत बोलतोय, आणि बराच वेळ बोलतोय. कुणी थांबवलं नाही. त्यांना किती कळलं कोण जाणे. एका बाईनं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

तिथं कुणी उपदेश करत नाहीत. सोडण्यासाठी स्वतः काय केलं ते सांगतात, आणि तेवढ्यावरच मला धरायला काहीतरी मिळालं. नंबर बदल, कारण जुन्या नंबरावर लिंका येतच राहतात. एक खेळ बंद झाला की तो दुसऱ्या नावानं उगवतो. साधा बटनांचा फोन घे. बँकेत जाऊन फोनवरून पैसे जाण्याची सोय बंद करून घे. पगार हातात घेऊच नकोस, सरळ घरी जाऊ दे. गेलेलं परत मिळवायला एक डावही लावायचा नाही, गेलं ते गेलं. आणि मन खेचायला लागलं की कुणाला तरी फोन करायचा आणि वीस मिनिटं काढायची. ती लाट तेवढ्यात ओसरते म्हणाले. मी विचारलं, वीस मिनिटं कशी काढायची. ड्रायव्हरसाब हसले. "बीस मिनट में तो मेरी बस अफजलगंज से कोठी नै पहुँचती थी. बैठे रहना, और क्या."

सगळं सोपं वाटत होतं, पण त्यातली निम्मी गोष्ट बायकोला सांगितल्याशिवाय होणार नव्हती, आणि उरलेली शेठना सांगितल्याशिवाय.

मी बायकोपासून सुरुवात केली, कारण ती लांब होती. आबिड्सच्या बाजारात जाऊन साधा फोन घेतला, नवं कार्ड घातलं आणि पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून तिला लावला. समोर रिक्षांचा कालवा, पोस्टातून बायाबापड्या ये-जा करत होत्या, आणि मी कानात एक बोट घालून सांगत होतो. ती मध्ये एकदाही बोलली नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं.

"ऐकतेय," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, पण मी आज सकाळीच शेठच्या घरी जाऊन आले. त्यांच्या मालकिणीला म्हटलं, चार महिने माणसाला राबवून घेता आणि पगार देत नाही, ही कुठली रीत? चार बायकांच्या देखत बोलले मी."

शेठची मालकीण दुपारी जेवण झालं की शेठना फोन करते. रोजचं आहे. मी घड्याळ बघितलं आणि उठलो. बायको पलीकडून म्हणत होती, आता तुम्हीच आधी जाऊन सांगा, पळा. रागावलेली होती, तरी पळा म्हणाली. ते मी विसरणार नाही.

रिक्षा त्या कालव्यातच अडकून पडली असती, म्हणून आधी चालत आणि मग धावत निघालो. वाटेत मनाशी किती बेत झाले. सरळ बसस्टॅंडवर जावं आणि कुठंही निघून जावं. नाहीतर शेठना सांगावं की बायकोचा गैरसमज झाला. दुकानाच्या पायरीवर पोचलो तेव्हा शेठ फोनवरच होते. "बरं. बरं म्हंतो न्हवं, बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. बाकावर गिऱ्हाईक नव्हतं. भट्टी बंद होती. बाकीचे दोघं आतल्या बाजूला लगडीवर शिक्के मारत होते.

शेठ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना फक्त पगाराचं खोटं कळलं होतं. तेवढंच कबूल केलं असतं तर कदाचित चार शिव्यांवर भागलं असतं. मी खेळाचं सांगितलं. दवाखान्यात दातासाठी गेलो नव्हतो हे सांगितलं. मग दाण्याचं सांगितलं. सांगताना माझी नजर पिंपावर होती, त्यांच्याकडं बघायची छाती नव्हती.

"तोंडात?" शेठ म्हणाले.

"जिभंखाली."

"आन मी तुला लवंग दिली."

ते उठून बोळात जाऊन उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आतली ठोकाठोक थांबली होती, म्हणजे त्या दोघांनीही ऐकलं होतं. शेठ परत आले ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. हाकललंही नाही, कामही दिलं नाही. मी बाकावर गिऱ्हाइकाच्या जागी बसून राहिलो. मनात एकच, संध्याकाळी गावाची गाडी धरायची आणि स्टॅंडवर उतरायच्या आधी सगळ्या तालुक्याला कळलेलं असणार.

संध्याकाळी दुकान बंद करताना शेठनी रोजच्यासारखे आपले खिसे उलटे केले. मग आमच्या तिघांसमोर उभं राहून त्यांनी आ वासला. जीभ वर उचलली. आम्हाला कळेना. "बघा की," ते म्हणाले, जीभ वर तशीच, शब्द नीट फुटत नव्हते. आम्ही बघितलं. पान खाऊन लाल झालेल्या दाढा, एक दात पडलेला. मग ते म्हणाले, आजपासनं खिशाबरोबर तोंडबी दाखवायचं, सगळ्यांनी. बाकीच्या दोघांनी दाखवलं, त्यातल्या एकाला हसू आवरेना. शेवटी मी. माझं तोंड उघडलं आणि त्याबरोबर रडू आलं, ते काही दाबता आलं नाही.

त्या रीतीला आता सात महिने झाले. आजही रोज संध्याकाळी पहिलं तोंड शेठ उघडतात. गावाकडं त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. एवढंच कळलं की माझं नाव कुठल्या भट्टीवर गेलं नाही. माझ्या बायकोला मात्र त्यांच्या मालकिणीकडं जाऊन माफी मागावी लागली, चार बायकांच्या देखतच. ती तिनं माझ्या वाटची मागितली.

शेठनी मला भट्टीवरून काढलं. बाहेरचं काम दिलं, सोनं वितळवताना लागणारा टाकणखार आणायचा, कोळसा आणायचा, पोस्टात जायचं. पगार सरळ बायकोच्या खात्यात, मला हातखर्चाला रोजचे थोडे. पुतणीच्या लग्नाला गेले तेव्हा किल्ली दुसऱ्याकडं दिली. बरोबरच केलं. मलाही तेव्हा ती नकोच होती.

भीती गेलेली नाही. एकदा बेगम बाजारात माल भरायला टेंपो उभा होता आणि टेंपोवाला आपला फोन माझ्या हातात देऊन चहाला गेला. उघडा फोन. बोटांना अजून त्या खेळाचा पत्ता पाठ होता. मी तो फोन पोत्यावर उलटा ठेवला आणि माझ्या बटनाच्या फोनवरून ड्रायव्हरसाबना लावला. मिरच्यांच्या पोत्यांवर बसून मी शिंकत होतो आणि ते पलीकडून विचारत होते, "रो रहे क्या?" नाही, मिरच्या आहेत म्हटलं. मग त्यांनी मला त्यांच्या जुन्या बसच्या गिअरची एक लांबलचक गोष्ट सांगितली. काही कळली नाही, पण टेंपोवाला येईपर्यंत पुरली.

रविवारच्या खोलीतला एकजण मध्यंतरी परत खेळला. तीन आठवडे आला नाही, मग आला. कुणी काही बोललं नाही, खुर्ची सरकवून दिली. उद्या त्या खुर्चीत मीही असू शकतो, हेच डोक्यात घेऊन मी माळ्यावर परत आलो.

गेल्या सोमवारी सकाळी शेठ म्हणाले, आजपासनं भट्टीवर तू. बाकावर एक जुना सोनार कागदाच्या पुडीत सोनं घेऊन बसला होता. मी शेठना बाजूला घेऊन म्हटलं, अजून महिनाभर नको.

"भ्यालास व्हय?"

"भ्यालोय, शेठ."

"मग बरंय. भ्यालेला माणूस मुशीवरनं नजर काढत न्हाई."

त्यांनी ब्लोअर चालू केला. माझा बटनाचा फोनसुद्धा मी त्यांच्या खणात टाकला, तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी चिमट्यानं मूस भट्टीत बसवली. शेठ जाऊन त्या सोनाराशेजारी बाकावर बसले, आणि दोघंही माझ्या हाताकडे बघत राहिले.